आधी स्क्रू फिरव, पाकीट नंतर उघड

पत्राचा सारांश: पत्रलेखक २४ वर्षांचा, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा. घराला लागून यंत्रमागाची शेड, वडील एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे. तो स्वतः दुकानात हिशेब लिहितो आणि चौघांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. दोन वर्षं पैसे साठवून त्यानं पुण्याहून सेकंडहँड ५० वॅटचा हाय-गेन (आवाज भरपूर फाडणारा) ट्यूब ॲम्प आणि चार स्पीकरचं कॅबिनेट आणलं. गिटार जुनीच, स्वस्तातली, दोन हंबकरची. (पिकअप म्हणजे तारांखालचं मॅग्नेट आणि कॉइल, तारेच्या हलण्याचा विजेचा सिग्नल करणारं; हंबकर म्हणजे दोन कॉइलचं पिकअप.) घरी रात्री बास आठवर, मिड (मधले सूर) खाली ठेवून हळू वाजवलं की आवाज झकास वाटतो. अक्कलकोट रोडच्या एका गोडाऊनमध्ये बँडबरोबर वाजवलं की सगळा चिखल. मध्येच शिट्टी, आणि हात थांबला की घूं. गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, दहावर नेलं तरी आवाज रेकॉर्डिंगसारखा 'जड' होत नाही. ड्रमर म्हणाला, "काय बे, ट्रॅक्टर चालू केलास का?" दुसऱ्या गिटारवाल्याचं हातभर डिजिटल यंत्र मात्र स्पष्ट ऐकू येतं. मित्र सांगतात पिकअप बदल, १६ के (१६ हजार) ओहमवाले गरम, म्हणजे मोठा सिग्नल देणारे पिकअप घे. बाहेरून मागवायचे तर १५ हजार लागतात. वडील आधीच म्हणाले आहेत की ॲम्पच्या पैशात जुनी मोटरसायकल आली असती. दोन महिन्यांवर कॉलेजचं गॅदरिंग आहे. प्रश्न असा: कोणते पिकअप घेऊ? की ॲम्पच विकून टाकू?

पत्रात तू मला 'काका' म्हटलंस, तेव्हा मीही अरे-तुरेवर येतो.

पत्र दोनदा वाचलं. त्यात प्रश्न दोन आहेत, पण त्यांच्याआधी एक उत्तर तू मनात ठरवूनच टाकलं आहेस. आवाज जड हवा तर सिग्नल मोठा हवा, सिग्नल मोठा हवा तर पिकअप गरम हवं. मी या गणितापाशीच अडलो.

हे गणित अगदीच खोटं नाही, जुनं आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ साली हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्याला जड आवाज नको होता. त्याला फक्त विजेची घूं घालवायची होती. एका कॉइलमध्ये शिरलेली घूं शेजारच्या उलट्या कॉइलनं खोडून काढायची, एवढाच हेतू. पुढं वाजवणाऱ्यांना फाटलेला आवाज आवडू लागला, पण त्या काळचे ॲम्प स्वच्छ वाजावेत म्हणून बनवलेले. फाडायचे तर आवाज पूर्ण वाढवावा लागे. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॅरी डिमार्झिओनं 'सुपर डिस्टॉर्शन' पिकअप काढलं, सिरॅमिक मॅग्नेटचं आणि जास्त वेढ्यांचं. ॲम्प स्वतःहून फाटत नाही ना, मग पिकअपनं त्याला ढकलायचं. गरम पिकअप जन्माला आलं ते थंड ॲम्पसाठी.

तुझा ॲम्प त्याच्या नंतरच्या पिढीतला आहे. आत १२एएक्स७ नावाच्या छोट्या नळ्या असतात. (आमच्या वेळचे रेडिओवाले त्यांना वॉल्व्ह म्हणत, तुम्ही ट्यूब म्हणता, काच तीच.) एका नळीत दोन टप्पे. कागदावर एक टप्पा सिग्नल १०० पट करू शकतो, प्रत्यक्ष सर्किटमध्ये पन्नास-साठ पट धर. हाय-गेन ॲम्पमध्ये असे तीन-चार टप्पे एकामागे एक लावलेले असतात, मधेमधे थोडं थोडं कापत. म्हणजे ढकलायचं काम ॲम्पच्या पोटातच होतं. त्यावर आणखी गरम पिकअप लावलं की सुरुवातीच्याच टप्प्यांत सिग्नल सपाट होऊ लागतो. हळू मारलेला स्ट्रोक आणि जोरात मारलेला स्ट्रोक एकाच उंचीवर कापले जातात. तळहातानं तार दाबून जो 'चग्' काढतोस, त्याच्या आधी आणि नंतर शांतता असेल तरच तो छातीवर आदळतो. गेन दहावर असला की ती शांतता सणसणाटानं भरून जाते. तू गेन वाढवतोस आणि जडपणा कमी होतो, तो यामुळं.

दुसरी गोष्ट, तू तुलना रेकॉर्डिंगशी करतोस. त्या आवाजात बहुतेक वेळा एक गिटार नसते. तीच रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) दोनदा, कधी चारदा वेगवेगळी वाजवून डाव्या-उजव्या बाजूला पसरलेली असते, आणि त्यातली एकेक गिटार सुटी ऐकलीस तर गेन तुझ्यापेक्षा पुष्कळ कमी निघेल.

आता माझी फजिती सांगतो. मी गिटारवाला नव्हे, बँजो पार्टीतला. आपल्याकडचा बँजो, टाइपरायटरसारख्या बटणांचा, तारांखाली पिकअप लावलेला. एका वर्षी मिरवणुकीत पुढच्या मंडळाच्या कर्ण्यापुढं माझा बँजो ऐकू येईना, म्हणून मी पिकअप तारांना टेकेल इतकं वर घेतलं. आवाज वाढला खरा, पण सूर डगमगायला लागला आणि कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू झाली. आमच्या उस्तादांनी चालता चालता खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, पिकअप दोन फेरे खाली नेलं आणि ढोलवाल्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं. पुढच्या चौकात बँजो ऐकू आला. मॅग्नेट तारेला ओढतो, तार मोकळी हलत नाही, एवढी साधी गोष्ट. गिटारमध्ये हे सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, जास्त जाणवतं, पण हंबकरही त्यातून सुटत नाही.

म्हणून तुझ्या १५ हजारांआधी एक फुकटचं काम. दोन्ही पिकअपच्या बाजूला उंचीचे स्क्रू असतात. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाब आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खांबापर्यंतचं अंतर मोज, मग पहिल्या तारेला तसंच कर. पट्टी कंपासपेटीतली प्लॅस्टिकची घे, स्टीलची मॅग्नेटला चिकटते. स्वस्त गिटारमध्ये कधी कधी पिकअप कारखान्यातूनच वर चढवलेलं असतं. ब्रिजचं (तारा अडकवलेल्या टोकाकडचं) पिकअप अडीच मिलिमीटरवर आण, नेकचं (दांड्याकडचं) तीनवर. जाड तारांच्या बाजूला आणखी अर्धा मिलिमीटर खाली गेलं तरी चालेल, चिखल तिथूनच येतो. ही माझी सुरुवातीची मापं आहेत, शिलालेख नव्हे. पाव फेरा, वाजवून बघ, परत पाव फेरा.

'१६ के'बद्दल बोलू. तू पूर्व भागातला, जॉबरचा मुलगा, तुला सुताचा काउंट माहीत असणार. वीसचं सूत दहापेक्षा जाड असतं का? नाही, बारीक असतं. पिकअपच्या तांब्याच्या तारेचंही तसंच, ४३ गेजची तार ४२ पेक्षा बारीक. बारीक तारेचा रेझिस्टन्स तेवढ्याच वेढ्यांत जास्त भरतो. म्हणजे १६ के हा आकडा थेट ताकद सांगत नाही. तार कुठल्या गेजची, मॅग्नेट कुठला, हे कळल्याशिवाय तो अर्धवट आहे. पन्नासच्या दशकातले हंबकर साडेसात ते साडेआठ केच्या आसपास असत. वेढे वाढवत नेले की सिग्नल वाढतो, पण वरची धार बोथट होते आणि मधला भाग फुगतो. तुझी तक्रार आवाज लहान असल्याची नाही, अक्षरं कळत नसल्याची आहे. त्यावर धार बोथट करणारी वस्तू विकत घेणं मला पटत नाही.

घरी छान आणि गोडाऊनमध्ये चिखल, हे कोडं तुला वाटतं तेवढं गूढ नाही. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. रात्री सगळे झोपलेले असताना तू मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, एकवर ठेवतोस, खर्ज कमी वाटतो म्हणून बास आठवर नेतोस, मिड खाली पाडतोस, आणि खोलीत तो आवाज भारी वाटतो. तीच बटणं गोडाऊनमध्ये मास्टर चारवर नेली की दाबून ठेवलेला सगळा खर्ज बाहेर येतो. शिवाय तिथं बास गिटार आहे, ड्रमचा किक आहे. तुझी सर्वात जाड मोकळी तार ८२ हर्ट्झची, बासची ४१ची. शंभर हर्ट्झच्या खाली तुझ्यासाठी जागाच नाही, तिथं तू फक्त त्यांच्या पायात पाय घालतोस. गिटारचं घर मिडमध्ये आणि तेच तू रिकामं केलंस. मित्राचं डिजिटल यंत्र ऐकू येतं कारण त्याच्या तयार सेटिंगमध्ये कुणीतरी खर्ज कापून मिड भरून ठेवला आहे. त्यात ट्यूबचा काही दोष नाही.

पुढच्या तालमीला असं कर. गिटार स्वतंत्र वाजवून सेटिंग लावायचं नाही. ड्रम आणि बास सुरू करायला सांग, गेन तीनवर ठेव, बास तीन, मिड सात, ट्रेबल पाच, प्रेझेन्स (अगदी वरच्या धारेचं बटण) चार. मास्टर ड्रमच्या बरोबरीला येईपर्यंत वाढव. एकट्यानं ऐकशील तर हा आवाज तुला किडकिडा, नाकातून आल्यासारखा वाटेल, तरी बटणाला हात लावू नकोस. दोन गाणी वाजव आणि मग ड्रमरला विचार ट्रॅक्टर ऐकू आला का. त्यानंतर गेन अर्धा अर्धा आकडा वाढव, आणि तळहातानं दाबलेले स्ट्रोक एकमेकांत मिसळायला लागले की अर्धा मागे घे. चारच्या आसपास थांबशील असा माझा अंदाज आहे. चार बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट जमिनीवर असतं आणि आवाज गुडघ्यांवर जातो. गुडघ्यांना कान नसतात, ते थोडं मागे तिरकं कर किंवा पेटीवर चढव. गोडाऊनमध्ये चादरींचे गठ्ठे असतील तर त्या बाजूला तोंड करून वाजवा. उघड्या पत्र्यावरून परत येणारा आवाजही चिखलात भर घालतो.

एवढं करूनही खर्ज सैल वाटला तर एक साधं ओव्हरड्राइव्ह पेडल कुणाकडून उसनं आण, हिरव्या ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. ही पेडलं साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी उचलतात, म्हणून ॲम्पमध्ये शिरण्याआधीच खर्ज आवळला जातो. लोक गरम पिकअपकडून जे मागतात त्यातलं निम्मं काम हे पेडल करतं, आणि नको तेव्हा पायानं बंद होतं.

आता घूं आणि शिट्टी. इथं घाई नको, कारण इथंच लोक चुकीच्या दुकानात पैसे टाकतात. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य कर. आवाज तसाच राहिला तर दोष ॲम्पच्या बाजूला, बहुधा एखादी थकलेली नळी, आणि पिकअप सोन्याचं बसवलंस तरी तो जाणार नाही. ॲम्प मागून उघडा असेल तर जेवढ्या छोट्या नळ्या बाहेरून सहज दिसतात तेवढ्यांवर लाकडी पेन्सिलीनं हलकी टिचकी मार, जी घंटेसारखी वाजेल ती बदलायची. व्हॉल्यूम शून्य केल्यावर आवाज गेला तर गिटारकडं बघ. खुर्चीत बसून हळूहळू गोल फिर. दिशेप्रमाणं घूं कमी-जास्त होत असेल तर ती बाहेरून येते आहे, शेजारच्या शेडच्या मोटरी, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, काहीही. हंबकर बरीचशी खोडतो, पण स्वस्त गिटारच्या पोकळीत शील्डिंग नसतं, वायर उघड्या असतात. आत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की फरक पडतो. आणि प्रत्येक गेनचा टप्पा घूंलाही तेवढंच मोठं करतो. गेन चारवर आणलास की अर्धी तक्रार तिथंच संपेल. नॉइज गेट घेतलास तर तो फक्त थांबल्यावरची घूं झाकेल, वाजतानाचा चिखल नाही.

शिट्टीचे दोन प्रकार. तार धरून ठेवल्यावर त्याच सुराचा लांबणारा फीडबॅक ही मजा आहे, ती ठेव. सगळ्या तारा हातानं दाबूनही वाजत राहणारी चिरकी शिट्टी म्हणजे बहुधा पिकअपच्या आतल्या तारा सैल आहेत आणि स्पीकरच्या हादऱ्यानं थरथरताहेत. एडी व्हॅन हेलननं आपलं पिकअप वितळलेल्या मेणात बुडवलं होतं, ते यासाठीच. तू घरी गॅसवर मेण चढवू नकोस, पिकअपचं प्लॅस्टिक वितळतं आणि मेण पेटतंही. आधी ॲम्पकडं पाठ करून दोन पावलं लांब उभा राहा. तरीही शिट्टी राहिली तर मात्र नवं पिकअप घ्यायचं हे खरं कारण झालं.

तशी वेळ आली तर मध्यम ताकदीचं, मेणात बुडवलेलं, अल्निको ५ मॅग्नेटचं हंबकर बघ. ४२ गेजची तार असेल तर आठ ते दहा के पुरे. सिरॅमिक म्हणजे वाईट हाही एक गैरसमजच आहे. चांगल्या बनावटीचं सिरॅमिक फार आखडलेला, स्पष्ट खर्ज देतं, आणि तुम्ही तारा खूप खाली उतरवून वाजवत असाल तर कदाचित तेच बरं पडेल. ॲक्टिव्ह पिकअपचा संसार वेगळा, ९ व्होल्टची बॅटरी, २५ केची पॉट (गिटारच्या बटणाखालचा फिरता रेझिस्टर), सगळं वायरिंग नवीन. त्यात आत्ता पडू नकोस. तुझ्या गिटारचं झाकण उघडून पॉटवरचा आकडा मात्र आधी वाच. हंबकरला ५०० के लागतं. स्वस्त गिटारमध्ये कधी कधी २५० के बसवलेलं असतं आणि त्यानं वरची धार दबते. एक पॉट बदलून काम भागलं तर पिकअपचे पैसे वाचले. आणि तारा शेवटच्या कधी बदलल्यास ते पत्रात नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि हाताचा घाम, दोन महिन्यांत तार मरते.

ॲम्प विकायचा का? मी तर नाही विकणार. घरासाठी तो मोठा आहे हे खरं, पण २० वॅटचा घेतलास तरी ५० पेक्षा आवाज फक्त चार डेसिबलनं कमी होईल. आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. आईला आणि शेजाऱ्यांना चार डेसिबलनं फारसा दिलासा मिळणार नाही. घरी हेडफोन लावून मित्राचं ते छोटं यंत्र उसनं वाजव, त्यात कमीपणा नाही. ट्यूब ॲम्प तालमीसाठी ठेव.

एका बाबतीत मात्र मी विनंती नाही, ताकीद देतो. तारांना हात लावल्यावर घूं किंचित कमी होत असेल तर ठीक. पण झिणझिण्या आल्या, किंवा हात लावल्यावर घूं वाढली, तर ॲम्प लगेच बंद कर आणि भिंतीतलं अर्थिंग तपासून घे. गोडाऊनमधला तीन पिनचा सॉकेट दिसतो तीन पिनचा, आत तिसरी वायर असेलच असं नाही. ॲम्पच्या मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय ना ते बघ. १२० असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, कॅबिनेटचे ओहम आणि ॲम्पच्या मागच्या भोकावरचे ओहम जुळले पाहिजेत, आणि त्या दोघांमध्ये स्पीकरचीच वायर हवी, गिटारची नाही. ॲम्पची चासी स्वतः उघडू नकोस. आत चारशे व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती राहते. मे महिन्यात पत्र्याखाली वाजवणार असाल तर ॲम्पच्या मागं हातभर जागा मोकळी सोडा.

वडिलांच्या मोटरसायकलीबद्दल. ते चिडले आहेत असं तू लिहितोस. मला वाटतं, दोन वर्षांच्या बचतीतून आणलेल्या वस्तूचा आवाज नीट लागत नाही हे त्यांना तुझ्याआधी ऐकू आलं असेल. जॉबर माणूस शेडमध्ये शिरल्या शिरल्या कुठला माग बेसूर चालला आहे ते सांगतो आणि पाव फेऱ्यात तो जागेवर आणतो. नवे पिकअप मागतोस तेव्हा त्यांना फक्त खर्च दिसतो. रविवारी दुपारी माग बंद असताना त्यांच्यापुढं गिटार आणि स्क्रू ड्रायव्हर ठेव, अडीच मिलिमीटर सांग, आणि तू वाजव, उंची त्यांना लावू दे. फक्त स्क्रू ड्रायव्हर तारांच्या मधून घालायचा नाही, मॅग्नेट खेचून घेतो आणि पिकअपवर ओरखडा पडतो. बाजूनं घालायला सांग.